थायरॉइड, प्लॅस्टिक आणि पुराव्याची दोन मापं

गेल्या काही महिन्यांत आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच भांडण तीनदा झालं. दर वेळी ठिणगी एखाद्या व्हिडिओची. प्लॅस्टिकच्या बाटलीवर लाल फुली, शेजारी गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आणि खाली ठळक अक्षरांत ‘तुमच्या थायरॉइडचं खरं कारण’. मग माझी मावसबहीण लिहिणार, “बघा, मी कधीची सांगतेय.” त्यावर औषध कंपनीत नोकरी करणारा आमचा दादा लिहिणार, “एकही सिद्ध झालेला पुरावा नाही. लोकांना उगाच घाबरवू नकोस.” तिसऱ्या वेळी प्रकरण शब्दांवर थांबलं नाही. बहिणीने घरातले डबे-बाटल्या काढून टाकल्या, एकवीस दिवसांचा ‘थायरॉइड डिटॉक्स’ मागवला आणि रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची थायरॉक्सिनची गोळी बंद केली. दोन आठवड्यांनी तिने कळवलं, की तिला काहीच त्रास होत नाहीये. दादाने हसरे चेहरे टाकले. अकरा वर्षं तीच गोळी घेणारी मी दोघांवरही सारखीच चिडले.

दोघं चुकताहेत, आणि गंमत म्हणजे दोघांची चूक एकच आहे. ‘या एका बाईला हा आजार कशामुळे झाला?’ हा एक प्रश्न. ‘हे रसायन कोट्यवधी माणसांच्या रक्तात जाऊ द्यायचं का?’ हा दुसरा. पुरावा दोन्हींना लागतो, पण एकाच मापाचा नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, तर दिवाणी दाव्यात कुणाचं पारडं जड आहे एवढं पाहतात. या फरकावर कुणी हरकत घेत नाही, कारण फाशी आणि भरपाई यांतला फरक सगळ्यांना कळतो. बहीण काय करते, तर दुसऱ्या प्रश्नापुरता असलेला पुरावा पहिल्याला चिकटवते आणि स्वतःचं निदान करून मोकळी होते. दादा पहिल्या प्रश्नाला शोभणारा कडकपणा दुसऱ्याला लावतो आणि सगळ्या जगाला निर्दोष सोडून देतो. माझं म्हणणं असं आहे, की प्लॅस्टिकमधल्या काही रसायनांविरुद्धचा आजचा पुरावा नियम कडक करायला पुरेसा आहे. कुणाची गोळी बंद करायला मात्र तो मुळीच पुरेसा नाही.

आधी ग्रंथीकडे पाहू, कारण या वादात सगळ्यात कमी बोललं जातं ते तिच्याविषयीच. “मला थायरॉइड आहे,” असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर तो प्रत्येकालाच असतो. वीसेक ग्रॅम वजनाची, श्वासनलिकेला बिलगून बसलेली अवटू ग्रंथी. तिचं काम अनेक हातांतून जातं. रक्तातलं आयोडीन आत ओढणारा एक पंप तिच्या पेशींच्या आवरणात असतो. आत एक विकर ते आयोडीन प्रथिनाला जोडतं आणि त्यातून थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, तयार होतं. ते रक्तात उतरलं की वाहक प्रथिनांच्या पाठीवर बसून फिरतं. मोकळं असतं ते दहा हजारांत दोन-तीन भागच. पुढे यकृत, मूत्रपिंड, मेंदू अशा ठिकाणी त्यातला आयोडीनचा एक अणू काढून टाकला जातो आणि त्याहून जोमदार टी-३ बनतं. हे टी-३ पेशीच्या केंद्रकातल्या ग्राहकाला जाऊन चिकटतं तेव्हा कुठे खरं काम सुरू होतं. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक कमी-जास्त सोडून या सगळ्यावर नजर ठेवते. इतक्या हातांतून जाणाऱ्या कामात बाहेरच्या कुणी लुडबुड करायची म्हटली, तर जागांना तोटा नाही.

आणि बाहेरची रसायनं अशी लुडबुड करतात हे काही व्हिडिओवाल्यांनी शोधून काढलेलं नाही. १९२८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सिफिलिसवर संशोधन चालू होतं. प्रयोगाच्या सशांना रोज कोबी खायला घालत. सशांचे गळे फुगायला लागले. संशोधक शोधत होते एक आणि हाती लागलं भलतंच: कोबीत असं काहीतरी होतं, जे थायरॉइडचं काम अडवत होतं. त्या धाग्यावरून पुढे थायोयुरियासारखी रसायनं तपासली गेली आणि १९४३ मध्ये ॲस्टवूड यांनी त्याच जातीच्या औषधांनी अतिसक्रिय थायरॉइडचे रुग्ण बरे करून दाखवले. परक्लोरेटची गोष्ट आणखी बोलकी आहे. ते आयोडीनचा पंप अडवतं, म्हणून १९५० च्या दशकात ते अतिसक्रिय थायरॉइडवर औषध म्हणून देत. तेच परक्लोरेट अमेरिकेत कोरड्या खाद्यपदार्थांच्या प्लॅस्टिक वेष्टनात, स्थिर वीज साचू नये म्हणून, मिसळायला परवानगी आहे. मात्रांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मान्य. पण ‘बाहेरचं रसायन थायरॉइडवर परिणाम करू शकतं का?’ असा प्रश्न कुणी भुवया उंचावून विचारला, की मला हसू येतं. ज्या औषधांच्या पाकिटांवर दादाचं घर चालतं, त्यांतली काही याच तत्त्वावर बनलेली आहेत. प्रश्न करू शकतं का, हा नाहीच. किती मात्रेला, कुणावर, आणि प्रत्यक्षात करतंय का, हा आहे.

प्लॅस्टिक म्हणजे एक पदार्थ नव्हे, हेही इथेच सांगून टाकते. २०२४ मध्ये आलेल्या ‘प्लास्टकेम’ अहवालात प्लॅस्टिकशी संबंधित १६,००० हून अधिक रसायनांची मोजदाद आहे. त्यांतली ४,२०० हून अधिक काळजी करण्याजोगी ठरवली आहेत, आणि दहा हजारांहून अधिक रसायनांच्या धोक्याबद्दल माहितीच उपलब्ध नाही. थायरॉइडच्या संदर्भात नावं येतात ती त्यांतल्या मूठभर कुळांची. बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए, हे पॉलिकार्बोनेट या पारदर्शक कडक प्लॅस्टिकचं आणि डब्यांच्या आतल्या लेपाचं रसायन. ते १८९१ मध्ये पहिल्यांदा बनवलं गेलं. १९३० च्या दशकात ते स्त्री-संप्रेरकासारखं वागतं हे दिसलं होतं, आणि तरीही १९५० च्या दशकात त्याचं प्लॅस्टिक झालं. त्याची रचना थायरॉक्सिनशी थोडी जुळते. त्याचा ब्रोमीनयुक्त भाऊ, टेट्राब्रोमोबिस्फेनॉल-ए, जो सर्किट बोर्डांना आग लागू नये म्हणून वापरतात, तो तर थायरॉक्सिनशी इतका मिळताजुळता आहे, की परीक्षानळीत ट्रान्सथायरेटिन या वाहक प्रथिनाला तो खुद्द थायरॉक्सिनपेक्षा घट्ट चिकटतो. थॅलेट्स पीव्हीसीला मऊपणा देतात. ते प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने बांधलेले नसतात, म्हणून हळूहळू बाहेर झिरपतात. आणि शेवटचं कूळ पीफास, म्हणजे सहजी न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं. त्यातलं पीएफओए हे टेफ्लॉनसारखी फ्लोरिनयुक्त प्लॅस्टिक्स तयार करताना वापरलं जायचं.

आता दादाची बाजू, आणि ती त्याच्यापेक्षा नीट मांडते. प्रौढांवरचे बहुतेक अभ्यास एकाच वेळी घेतलेल्या लघवीच्या आणि रक्ताच्या नमुन्यांवर उभे आहेत. बीपीए शरीरातून काही तासांत निघून जातं, थॅलेट्सचं बरंचसं एका दिवसात. मग मंगळवारी सकाळच्या लघवीवरून माणसाच्या दहा वर्षांच्या संपर्काबद्दल काय कळणार? शिवाय गाडी उलट्या दिशेनेही धावू शकते: थायरॉइड मंदावला की मूत्रपिंडांची गाळणी मंदावते, म्हणजे आजारच रसायनाची पातळी बदलत असेल. निष्कर्षही एका सुरात नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या २००७-०८ च्या नमुन्यांत हजाराहून अधिक प्रौढांमध्ये डीईएचपी या थॅलेटचे अंश जितके जास्त, तितकं टी-४ थोडं कमी, असं दिसलं. बीपीएचा धागा त्याच नमुन्यांत बराच विरळ होता. इतरत्र कुठे फक्त पुरुषांत काही दिसतं, कुठे फक्त बायकांत, कुठे उलटच. प्राण्यांचे प्रयोग पाहावेत, तर उंदीर थायरॉक्सिन वाहायला प्रामुख्याने ट्रान्सथायरेटिन आणि अल्ब्युमिन वापरतो. माणसाचं बरंचसं थायरॉक्सिन वेगळ्याच प्रथिनावर असतं, त्यामुळे परीक्षानळीतली ती घट्ट मिठी आपल्याकडे तितकी महागात पडेलच असं नाही. हे सगळं खरं आहे. बीपीएमुळे प्रौढांचा थायरॉइड बिघडतो असं आज कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तो माहितीच्या पुढे धावतोय.

बहिणीच्या बाजूचा एक लाडका युक्तिवादही इथेच बाद करते. ‘पूर्वी कुठे होता एवढा थायरॉइड? प्लॅस्टिक आलं आणि वाढला.’ हाशिमोटो यांनी त्यांच्या नावाने ओळखला जाणारा आजार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते, १९१२ मध्ये नोंदवला, तेव्हा ना पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या होत्या ना पीव्हीसीच्या नळ्या. आणि वाढलेले आकडे कसे फसवतात हे पाहायचं तर दक्षिण कोरियाकडे पाहावं. १९९९ मध्ये तिथे कर्करोग तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि तिच्या जोडीने गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं नोंदलेलं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं. मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. म्हणजे वाढला होता तो शोध, आजार नव्हे. टीएसएचची तपासणी स्वस्त आणि नेहमीची झाली की रुग्ण वाढणारच. ‘प्लॅस्टिकही वाढलं आणि थायरॉइडही वाढला’ या वाक्यात प्लॅस्टिकच्या जागी मोबाइल टाका, विमानप्रवास टाका, वाक्य तेवढंच खरं राहतं.

इतकं मान्य करूनही मी दादाच्या गोटात का जात नाही? पहिलं कारण त्याच्याच आक्षेपात दडलेलं आहे. एका नमुन्यावरून संपर्क मोजला की मोजमाप ढोबळ होतं, हे बरोबर. पण चूक इकडेही आणि तिकडेही सारखीच होत असेल, तर तिने खरा संबंध पुसट होतो. नसलेला संबंध सहसा उगवत नाही. धुक्यात डोंगर दिसेनासा होतो, नवा डोंगर उभा राहत नाही. (उलट्या गाडीचा, म्हणजे मूत्रपिंडांचा, मुद्दा वेगळा आहे, तो या उत्तराने जात नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.) शिवाय ‘सिद्ध पुरावा’ म्हणजे दादाच्या मनात जे असतं ते औषधाच्या चाचणीसारखं काहीतरी असतं: निम्म्यांना द्यायचं, निम्म्यांना नाही, आणि वाट पाहायची. औषधाबाबत हे ठीक, कारण औषधाने भलं होण्याची आशा असते. ज्याने फक्त अपायच होऊ शकतो असं रसायन हजार निरोगी माणसांना वर्षभर मुद्दाम चारायला कोणती नीतिसमिती मान्यता देईल? जो पुरावा मिळवणंच निषिद्ध आहे तो मिळेपर्यंत थांबा असं सांगणं, याला कडक शास्त्रीय शिस्त म्हणायचं की सोयीची पळवाट?

दुसरं कारण म्हणजे एक अभ्यास असा आहे, ज्यात यांतल्या बऱ्याच अडचणी नव्हत्या. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पार्कर्सबर्गजवळ ड्यूपाँटचा कारखाना होता. तिथलं पीएफओए कित्येक वर्षं ओहायो नदीकाठच्या वस्त्यांच्या पिण्याच्या पाण्यात जात राहिलं. लोक कोर्टात गेले, तडजोड झाली, आणि तडजोडीतली एक अट मला आजही विलक्षण वाटते: दोन्ही पक्षांना मान्य असलेले तीन साथरोगतज्ज्ञ नेमायचे आणि ते सांगतील ते मान्य करायचं. २००५-०६ मध्ये सुमारे ६९,००० लोकांचं रक्त तपासलं गेलं. पीएफओए तासांत नाही, तर वर्षांत उतरतं. शरीरातलं निम्मं कमी व्हायला दोन ते चार वर्षं लागतात. त्यामुळे एका नमुन्याचा आक्षेप इथे फारसा उरत नाही. २०१२ पर्यंत या तिघांच्या पॅनेलने सहा आजारांशी ‘संभाव्य संबंध’ असल्याचं जाहीर केलं. थायरॉइडचा आजार त्या सहांपैकी एक. या ‘संभाव्य संबंधा’ची व्याख्या करारातच लिहिलेली होती: उपलब्ध पुराव्याचं वजन पाहता संबंध नसण्यापेक्षा असण्याचीच शक्यता जास्त. हेच ते दिवाणी माप. निःसंशय नाही; पारडं कुठे झुकलंय एवढंच. आणि तीन काटेकोर माणसांनी सात वर्षं घालवून हे माप लावलं, तेव्हा पारडं झुकलं.

यावर दादाने एकदा मला तोंडी गाठून सांगितलं, “अगं, पण आकडे बघ ना. टी-४ इकडचं तिकडे दोन-चार टक्के. सगळे नॉर्मल रेंजमध्येच. ग्रंथी सांभाळून घेते.” हा माझ्या मते त्याच्या बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे, आणि म्हणूनच त्यावर जरा थांबते. ‘नॉर्मल रेंज’ ही गर्दीची असते, तुमची नव्हे. डेन्मार्कमध्ये सोळा निरोगी पुरुषांचं रक्त वर्षभर दर महिन्याला तपासलं, तेव्हा प्रत्येकाचे आकडे आपापल्या छोट्या पट्ट्यातच घुटमळत राहिले. हा पट्टा प्रयोगशाळेच्या छापील पट्ट्याच्या साधारण निम्मा होता. म्हणजे रिपोर्टवर तारांकित खूण न पडताही माझं थायरॉक्सिन माझ्या जागेवरून हललेलं असू शकतं. शिवाय ग्रंथी सांभाळून घेते, पण कुणाची? जिच्यात थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं आधीच आहेत तिची नाही. आयोडीन जेमतेम मिळणाऱ्याची नाही. गर्भारपणात, जेव्हा थायरॉक्सिनची मागणी जवळजवळ निम्म्याने वाढते, तेव्हाही फार नाही. कोट्यवधी लोकांची सरासरी जरा सरकली तर मधल्या माणसाला काहीच कळत नाही. कड्यावर उभ्या असलेल्यांतले काही मात्र खाली जातात. त्यांच्यातल्या कुणालाही ‘तुला प्लॅस्टिकने पाडलं’ असं सांगता येणार नाही. म्हणून कुणीच पडलं नाही, असं होतं का?

थायरॉइडच्या इतिहासात हा सगळा वाद एकदा होऊन गेलेला आहे, हे मला सारखं आठवतं. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये आदोल्फ शातँ यांनी पाणी, माती, अन्न तपासत फिरून सांगितलं, की जिथे आयोडीन कमी तिथे गलगंड जास्त. फ्रेंच अकादमीला ते पटलं नाही. आक्षेप तेव्हाही अगदी वाजवी होते: आयोडीन कमी असूनही काहींना गलगंड नाही, एवढ्याशा कणांनी काय होणार, इतरही कारणं असू शकतात. थायरॉइडमध्ये मुळात आयोडीन असतं हेच १८९० च्या दशकापर्यंत कुणाला माहीत नव्हतं. यंत्रणा ठाऊक नाही म्हणून पुरावा कच्चा. १९१७ मध्ये अमेरिकेत ॲक्रन गावच्या शाळकरी मुलींवर डेव्हिड मरीन यांनी आयोडीनचा प्रयोग सुरू केला. घेणाऱ्यांत गलगंड बोटांवर मोजण्याइतक्या जणींना झाला, न घेणाऱ्यांत शेकडोंना. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मिठात आयोडीन घालायला सुरुवात झाली. शातँपासून मोजलं तर सुमारे सत्तर वर्षं. या सत्तर वर्षांत गळे फुगवून जगलेल्यांचा हिशेब कुणाच्या वहीत मांडायचा?

ही तुलना एका ठिकाणी तोकडी पडते, आणि दादाने ते दाखवण्याआधी मीच दाखवते. मिठात चिमूटभर आयोडीन घालायला फारसा खर्च नव्हता. प्लॅस्टिकमधून रसायन काढायला आहे, आणि कधी कधी जिवावरचा. डीईएचपी हे थॅलेट रक्ताच्या पिशव्यांना मऊ ठेवतं, आणि तेच तांबड्या पेशींचं आवरण टिकवून रक्त जास्त दिवस वापरण्याजोगं ठेवतं. उद्या ते सरसकट बंद केलं तर रक्तपेढ्यांना फटका बसेल. म्हणूनच युरोपने वैद्यकीय उपकरणांपुरती त्याची मुदत २०३० पर्यंत लांबवली आहे. मला हे शहाणपणाचं वाटतं. रक्ताच्या पिशवीत डीईएचपी आवश्यक आहे, म्हणून ते खेळण्यात आणि पडद्यात चालावं, असं मात्र होत नाही. ‘प्लॅस्टिकशिवाय दवाखाने चालतील का?’ असा प्रश्न विचारून सगळ्याच प्लॅस्टिकला पांघरूण घालणारे हे दोन वापर मुद्दाम एकत्र मिसळतात.

मग बाटली फेकून द्यायची की नाही? गरम पदार्थ प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, मायक्रोवेव्हमध्ये प्लॅस्टिक घालू नका, हे सल्ले फुकटचे आणि बिनधोक आहेत, पाळावेत. पण त्यांवर सगळा भार टाकणं मला ढोंगीपणाचं वाटतं. गेल्या महिन्यात टीएसएचसाठी रक्त दिलं, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने पावती हातात ठेवली. गुळगुळीत, शाईशिवाय उमटलेली, नखाने ओरखडा काढला तर काळी रेघ उमटणारी. त्या कागदावरचा रंग उमटवणारं रसायन बहुतेक वेळा बिस्फेनॉलच असतं, आणि तेही प्लॅस्टिकमध्ये अडकलेलं नाही, तर मोकळं. हाताला सॅनिटायझर नाहीतर क्रीम लावलेलं असेल तर ते कातडीतून जास्तच आत जातं. मी नुकतंच सॅनिटायझर चोळलं होतं, बाटली काउंटरवरच होती. थायरॉइडची तपासणी करायला गेलेली बाई थायरॉइडबद्दल शंका असलेलं रसायन बोटांनी चोळत उभी होती, आणि तिने घरात काचेचे डबे आणले होते की स्टीलचे, याने त्यात काही फरक पडणार नव्हता.

युरोपने २०२० पासून अशा कागदातल्या बीपीएवर मर्यादा घातली. मग काय झालं? पुष्कळ ठिकाणी बीपीएच्या जागी बीपीएस आलं. नावातलं एक अक्षर बदललं, रचना जवळजवळ तीच राहिली, आणि ‘बीपीए-मुक्त’ असा शिक्का मारायची सोय झाली. एकेका रसायनाला वेगळा आरोपी धरून त्याचा खटला वीस वर्षं चालवायचा, तो दोषी ठरला की त्याच्या चुलतभावाला कामावर घ्यायचं आणि त्याचा खटला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, असा हा खेळ आहे. नियम कुळाला लागायला हवा. आणि नवं रसायन निरुपद्रवी आहे हे दाखवण्याची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्याची असायला हवी. आज ती व्यवहारात रक्त देऊन रिपोर्टची वाट पाहणाऱ्यांवर येते. दादाची कंपनी नवं औषध आणते तेव्हा ते सुरक्षित आहे हे तिलाच दाखवावं लागतं. ‘अपाय सिद्ध करा, मग थांबतो,’ असं तिने म्हटलं तर दादालाही ते चालणार नाही. जे औषध दहा हजार लोक घेणार त्याला ही अट, आणि जे रसायन सगळेच न विचारता घेणार त्याला नाही, यामागे कोणतं तर्कशास्त्र आहे?

नियमांनी काही होतं का, अशी शंका घेणाऱ्यांसाठी पीफास कुळातल्याच पीएफओएसचं उदाहरण पुरेसं आहे. २००० साली अमेरिकेतल्या मुख्य उत्पादकाने, तिथल्या पर्यावरण संस्थेच्या दबावाखाली, ते बनवणं थांबवण्याची घोषणा केली. १९९९-२००० ते २०१७-१८ या काळात अमेरिकन लोकांच्या रक्तातलं पीएफओएस ८५ टक्क्यांहून जास्त घटलं. त्यांतल्या बहुतेकांना हे नावही माहीत नसेल. त्यांनी कसला डिटॉक्स केला नाही. आता २०२२ पासून संयुक्त राष्ट्रांत प्लॅस्टिक कराराच्या वाटाघाटी चालू आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये बुसानला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला त्या फिसकटल्या, आणि करारात रसायनांचा विषय घ्यायचा की नाही हा वादाच्या मुख्य गाठींपैकी एक होता. आमच्या ग्रुपवर त्यावर एकही मेसेज आला नाही. बाटल्यांचे व्हिडिओ मात्र येत राहिले.

आणि राहिली बहीण. दोन आठवडे गोळी न घेता तिला त्रास झाला नाही, कारण थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायलाच सात दिवस लागतात. जुन्या गोळ्यांचा साठा तिला सांभाळत होता. तिच्या डिटॉक्सच्या डबीचा फोटो मी मागवला. त्यात समुद्री शेवाळाची पूड होती, म्हणजे मोजमाप नसलेलं आयोडीन, जे जास्त झालं तरी थायरॉइड बिघडतो. आणि भरपूर बायोटिन हे ब-जीवनसत्त्व होतं, जे काही पद्धतींच्या तपासणीत टीएसएच खोटंच कमी दाखवतं. म्हणजे एकविसाव्या दिवशी तिने तपासणी केली असती, तर कदाचित रिपोर्ट झकास आला असता आणि ती आयुष्यभर त्या डबीचे गुण गात राहिली असती. मी तिला फोन केला. गोळी उद्या सकाळपासून परत सुरू कर, डबी आजच बंद कर, आणि रक्त द्यायला सहा आठवड्यांनी जा. त्याआधी टीएसएच स्थिर होत नाही. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे दादाचं खरं?”

“नाही,” मी म्हटलं. “पण गोळीच्या बाबतीत माझं ऐक.”

तिने ऐकलं. पुढच्या आठवड्यात तिचे सहा आठवडे पूर्ण होताहेत. काल तिने विचारलं, “ताई, लॅबवाले पावती मोबाइलवर पाठवतात का गं? कागद हातात घ्यायला नको वाटतं.” विचारून बघ, म्हटलं मी.